इंगवल्यांच्या गाडीचा दांडा

सर्जेराव इंगवल्यांनी गाडी वर्कशॉपच्या दारात आणून उभी केली, खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातात देण्याऐवजी स्वतःच्या खिशात टाकली.

"मिस्त्री, हिला पुढनं दांडा बसवायचाय," ते म्हणाले. "काम हुईस्तवर मी हितंच बसणार."

मी गाडीकडे पाहिलं. तशी गाडी आमच्या भागात एकच होती, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. चारी चाकांना जोर असलेली पिकअप. पुण्यात कुणाकडून तरी स्प्रिंगा बदलून तिची बॉडी हातभर वर चढवलेली, खाली ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. चिखलातल्या स्पर्धांमधून ती नाचताना लोकांनी पाहिली होती, बक्षिसं घेताना पाहिली होती. आणि दिवाळी झाल्यावर घाटातल्या वळणाखाली ती उताणी पडल्याचे फोटोही ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरले होते. आता तिला नवं टप होतं, नवा रंग होता, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि रुंद पट्टे बसवलेले होते. डावीकडचं दार तेवढं अजून नीट लागत नव्हतं.

माझ्या जिभेला हाड नाही असं माझी बायको म्हणते, ते खोटं नाही. मी म्हणालो, "आबा, मला वाटलं ही गाडी तुम्ही मोडीत काढली असेल."

"काढायची का न्हाई, ते दांडा बसल्यावर ठरवणार," ते म्हणाले आणि लेथजवळचं स्टूल ओढून बसले.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी लेथ विकला, वर्कशॉप पुतण्याला दिलं. तिथं मी हजारांवर गाड्या उघडल्या असतील, पण रशीद शिकलगारला कुणी विचारलं की कुठलं काम विसरला नाहीस, तर मला हेच एक सांगावं लागतं.

दांडा म्हणजे काय ते आधी सांगतो. गाडीच्या पुढच्या अंगाला, चेसिसच्या खालून आडवी एक स्प्रिंगच्या पोलादाची सळई जाते. तिची दोन्ही टोकं हातासारखी मागं वळवलेली असतात आणि दोन्हीकडच्या चाकांच्या अंगाला जोडलेली असतात. वळणावर गाडी एका बाजूला कलायला लागली, की ही सळई पिळली जाते आणि गाडीला परत ओढून धरते. कंपनीच्या कागदात तिला मोठं इंग्रजी नाव आहे, आम्ही दांडाच म्हणतो. रस्त्यावर हा दांडा जीव वाचवतो आणि खड्ड्यात तोच आडवा येतो, कारण एक चाक खाली लोंबायला लागलं तर दुसरं त्याला सोडत नाही. म्हणून चिखलातल्या स्पर्धेला उतरणारी पोरं पहिला हा दांडा काढून टाकतात. स्पर्धेनंतर परत बसवायचा असतो, पण गाडीखाली पुन्हा कोण लोळणार? तो दांडा मग गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत राहतो आणि गाडी तशीच बाजाराला, लग्नाला, देवाला जात राहते. अशा गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना शिव्याही घातल्या आहेत.

"जुना दांडा आहे का तुमच्याकडं?" मी विचारलं.

"हाय. पर उंच केलेल्या गाडीला त्यो पुरत न्हाई. टोकं टायरला घासत्यात."

"नवा घडवावा लागेल मग."

"घडवा. आणि मला त्यो सोडता-जोडता आला पायजे. नट खोलत बसायचं न्हाई. पिन उपसली की सुटला, पिन घातली की जोडला."

मागणी योग्य होती. स्पर्धेची गाडी असेल तर तेच बरं, म्हणजे आळशी माणूसही परत जोडतो. पण ह्या माणसाच्या घरात आता स्पर्धेला जाणारं कोण उरलं होतं? थोरला इंद्रजित त्या वळणाखाली गेला. डाव्या सीटवर होता, पट्टा लावलेला नव्हता, दारातून बाहेर फेकला गेला. धाकटा धैर्यशील गाडी चालवत होता. त्याला खांदा निखळण्यापलीकडे काही झालं नाही, आणि माझ्या मते गावानं त्याला ह्याच गोष्टीची शिक्षा दिली.

"आबा, राग मानू नका," मी म्हणालो. "पण आता दांडा बसवून काय करायचंय?"

सर्जेराव तसे बोलके गृहस्थ. कारखान्याच्या सभेत उभे राहिले की माइक सोडायचे नाहीत. त्या दिवशी मात्र ते एकेक शब्द मोजून टाकत होते.

"पोरगं म्हणतंय, काटा पन्नासावर हुता. गाव म्हणतंय, सुसाट हाणत हुतं. मी त्याला त्याच्या मामाकडं टाकलाय निपाणीला. त्याची आई माझ्याशी बोलत न्हाई. आता त्याला घरात घ्यायचा का न्हाई, हे मला ठरवायचंय." त्यांनी गाडीच्या बंपरवर हात ठेवला. "त्याच वळणावर दोन फेऱ्या मारायच्या. एक दांडा जोडून, एक सोडून. दोन्ही पन्नासानं. दांडा सोडल्यावर गाडी पलटी हून गेली, तर पोरगं खरं बोलतंय, दोष गाडीचा. न्हाई गेली, तर त्यानं माझा थोरला मारला. मग त्यानं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई."

"आणि गाडी गेली, तर आत बसलेल्याचं काय?"

"पिंजरा कशाला बसवलाय मग?"

मी उठून बाहेर गेलो, नळावर तोंड धुतलं आणि परत आलो. काम नाकारावं असं मनात आलं होतं. पण नाकारून काय होणार होतं? ते दुसऱ्या मिस्त्रीकडं गेले असते, आणि तो दांडा कसल्याही लोखंडाचा करून वेल्डिंग मारून मोकळा झाला असता. असा दांडा ऐन वळणावर काडकन तुटतो. त्यापेक्षा माझ्या हातचा बरा. फेऱ्यांचं म्हणाल, तर डोकं थंड झालं की माणूस असले बेत सोडून देतो, असंही मला वाटलं. पोरगा गेलेल्या बापाच्या मनात काय काय येऊन जातं.

चार-पाच दिवस काम चाललं. सळई लेथवर तासून घेतली. तिची टोकं वळवायची ती ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे करणाऱ्याच्या भट्टीत, एकसारखी लाल करून. गॅसच्या ज्योतीनं जागच्या जागी वाकवली तर पोलादाचा जीव जातो. मग तेलात विझवायची, पुन्हा मंद शेकायची. सर्जेराव भट्टीवरही माझ्याबरोबर आले आणि धुरात उभे राहिले. चेसिसला रबरी बुशाच्या पकडी लावल्या, स्टिअरिंग दोन्हीकडं पुरतं वळवून दांडा कुठं टायरला लागत नाही ना, ते पाहिलं. एका बाजूला लागत होता, म्हणून एक टोक पुन्हा भट्टीत नेलं.

ते नुसते बसून राहिले नाहीत. मी गाडीखाली असलो की न मागता हातात पाना द्यायचे, आणि तो बरोबर मापाचा असायचा. शेतकरी माणसाला एवढं कसं ठाऊक, असं एकदा मी म्हणालोही. "ट्रॅक्टर हाय की घरात," ते म्हणाले.

शेवटी दोन्ही टोकांना पिना घातल्या, बोटाएवढ्या जाड, सुटू नयेत म्हणून त्यांना एकेक तारेचा काटा लावला. ग्रीस भरलं. सर्जेराव खाली वाकले आणि त्यांनी एक पिन उपसून पाहिली, परत घातली.

"झ्याक झालंय," ते म्हणाले. "उद्या सकाळी घाटात या."

मी येणार हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या वर्कशॉपचा रिवाज आहे, माझ्या वडिलांनी पाडलेला. ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकाच्या अंगाचं काम केलं, की ज्यानं नट आवळला तो पहिल्या फेरीत त्या गाडीत बसतो. माणूस आत बसणार असला की नट नीट आवळला जातो, असा त्यामागचा सरळ हिशेब. वडील गेल्यावरही मी तो मोडला नाही.

सकाळी मी मोटारसायकलवरून वळणाच्या वर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. पिकअप रस्त्याच्या कडेला उभी होती. सर्जेराव पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर फेटा, कुणाकडं जेवायला निघाल्यासारखे. आणि गाडीपासून लांब, मैलाच्या दगडावर एक पोरगा बसला होता. मला पाहून तो उठला.

"मिस्त्री, ओळखलंत का? मी धैर्यशील."

ओळखलं नव्हतं. स्पर्धेत मी त्याला पाहिला होता तेव्हा अंगानं भरलेला होता. आता शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढ्यात सर्जेराव म्हणाले, "मिस्त्री, त्याला म्हणावं किल्ली घे. गाडी त्यो चालवणार."

मला वाटलं होतं, गाडी ते स्वतः चालवतील. पोरगा चार हातांवर उभा होता, बापाचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू येत होतं, पण बाप त्याच्याकडं बघत नव्हता.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी डाव्या सीटवर. इंद्रा बसला हुता तिथं."

मी काहीतरी बोलणार होतो, पण पोरगा पुढं झाला आणि किल्ली घेऊन गाडीत चढला.

पहिली फेरी झाली. मी मागं बसलो, पिंजऱ्याचा पाइप धरून. रस्ता उतरता, उजवीकडं डोंगर, डावीकडं दरी, आणि मग एकदम उजवीकडं वळण. धैर्यशीलनं काटा पन्नासावर नेला आणि तिथंच ठेवला. वळण आलं तशी गाडी डावीकडं कलायला लागली, आणि तेवढ्यात दांड्यानं तिला आवरलं. सरळ निघून गेलो. माझं काम चांगलं झालं होतं, आणि त्या अवस्थेतही मला त्याचं बरं वाटलं.

"जोडलेल्यावर गेली न्हाई," सर्जेराव म्हणाले. "आता वर घ्यायला सांगा."

गाडी वर आल्यावर ते खाली उतरले आणि एकटेच वळणाकडं चालत गेले. जिथं कठडा तुटलेला होता तिथं जाऊन उभे राहिले. पोरगा आणि मी गाडीजवळ होतो. तो हात मांडीवर घासून घासून कोरडे करत होता.

"तू खरंच पन्नासावर होतास?" मी विचारलं.

"व्हय. कमीच असंल. दादा गाणं बदलत हुता. मी त्याच्याशी बोलतच हुतो. गाडी कलली ती कललीच. परत आलीच न्हाई."

"दांडा नव्हता ना. हे स्पर्धावाल्यांचं असंच असतं. इंद्रजितनं काढला असणार."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. "आबांनी."

"काय?"

"आबांनी काढला. अंगणात, सोताच्या हातानं. आदल्या स्पर्धेत आमचं चाक वर लटकलं आणि आमी हरलो. आबा समद्यांसमोर लई बोलले दादाला. मग घरी येऊन गाडीखाली शिरले आणि दांडा काढून टाकला. दादा म्हणाला, आबा, स्पर्धा झाल्यावर परत लावूया. आबा म्हणाले, फुडच्या महिन्यात परत स्पर्धा हाय, ऱ्हाऊ दे तसंच."

मला ते न मागता हातात येणारे पाने आठवले. ह्या माणसाला ट्रॅक्टरमुळं नव्हे, ह्याच गाडीमुळं मापं ठाऊक होती.

"हे आबांच्या लक्षात आहे?"

"त्यांच्या दुसरं काय लक्षात असंल?" तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी इतके दिवस समजत होतो की हा बाप पोराचा न्याय करायला निघालाय. पोराला सोडवायला निघालाय, असंही मी मनाला समजावलं होतं. तसं काही नव्हतंच. दांडा सोडून गाडी पलटी झाली, तर पोरगा सुटणार होता आणि बाप अडकणार होता. नाही झाली, तर बाप सुटणार होता. सर्जेरावांना स्वतःबद्दल जाणून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी ते इंद्रजितच्या सीटवर बसायला तयार झाले होते. मला त्यांचा विलक्षण राग आला आणि त्याच वेळी कीवही आली.

"तू नाही म्हण," मी म्हणालो. "तू स्टिअरिंगला हात लावू नकोस. बघू काय करतात ते."

"मग ते सोता चालवतील. एकटे." त्यानं कठड्याकडं पाहिलं. बाप अजून तिथंच उभा होता, फेट्याचा शेमला वाऱ्यानं उडत होता. "आई सांगते, ते अंगणात जातच न्हाईत. परसदारानं येत्यात-जात्यात. मला काय, मला निपाणीला ऱ्हाता येतंय. त्यांला त्याच घरात ऱ्हायाचंय."

मला दोन मुली, दोघी सुखरूप, आपापल्या घरी.

सर्जेराव परत आले. चेहरा घट्ट आवळलेला.

"मिस्त्री, पिना काढा."

"आबा, ऐका माझं. तिशीनं घेऊ. दांडा असताना आणि नसताना गाडी किती कलते ते दिसतं, मला कळतं त्यावरून. पन्नासाची गरज नाही."

"इंद्रा तिशीनं मेला न्हाई."

"गाडी पलटली तर तुम्ही दोघंही मराल."

"पिना काढा."

"मी काढतो," धैर्यशील म्हणाला. इतक्या वेळात बापाच्या बोलण्यावर तो पहिल्यांदाच बोलला होता. "मला ठाऊक हाय कशा काढायच्या."

सर्जेराव माझ्याकडं बघून म्हणाले, "काढू द्या त्याला. तुमी वळणावर जावा आणि खालनं येणारी वाहनं थांबवा. तुमचा रिवाज पयल्या फेरीपुरता हुता, त्यो झाला."

पोरगा गाडीखाली सरकला. बंपरखालून त्याचे पाय तेवढे दिसत होते. लाल फडकं घेऊन मी उताराला लागलो. वाटेत एकदा मागं वळून पाहिलं, तेव्हा तो हात पुसत उठत होता आणि सर्जेराव डाव्या दारातून आत चढत होते.

वळणावर उभा राहिलो. खालून काही येत नव्हतं. एखादा ट्रक यावा, रस्ता अडावा, हे सगळं मोडून जावं असं मला वाटत होतं. मी अल्लाचं नाव घेतलं. तसा मी फार नमाजी माणूस नाही.

वर इंजिनाचा आवाज बदलला. मग गाडी दिसली. ऊन काचेवर होतं, तरी डावीकडची पांढरी आकृती दिसत होती आणि तिच्या खांद्यावर पट्टा नव्हता. मी दोन्ही हात वर करून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गाडी आहे त्या वेगानं आली. पन्नास तर होताच, थोडा वरच असेल. वळणाच्या तोंडाशी डावीकडं कलली आणि मी डोळे मिटणार, तेवढ्यात आवरली गेली. चाक आणि मडगार्डमधली फट सकाळी पहिल्या फेरीत जेवढी मिटली असेल तेवढीच मिटली आणि परत उघडली. गाडी माझ्या अंगावरून वारा घालून पुढं गेली आणि सपाटीला जाऊन थांबली.

सुटका झाल्याचं मला वाटायला हवं होतं. पण माझ्या हातचा दांडा मला कळतो. दांडा सुटलेली एवढी उंच गाडी त्या वेगानं त्या वळणातून अशी जात नाही. गाडी थांबायच्या आधीच मला समजलं होतं की पोरानं पिना काढलेल्याच नाहीत. बाप बाजूला बसलेला असताना त्याच्या हातून ते झालं नव्हतं. आणि ज्या पिना उपसल्यानं तो खरा ठरला असता, त्या त्यानं स्वतःच जागेवर ठेवल्या होत्या.

मी पळतच गाडीकडं गेलो. धैर्यशील उजवीकडच्या दाराशी उभा होता, रस्त्याकडं पाठ करून. सर्जेराव खाली उतरले होते. ते गाडीच्या पुढून गेले, बंपरला धरून गुडघ्यावर बसले आणि मान वाकवून खाली बघायला लागले. गाडी चालवण्यात त्यांचा हात जुना. जे मला लांबून दिसलं, ते त्यांना बुडाखाली जाणवलं नसेल असं कसं म्हणायचं?

मीही त्यांच्या शेजारी वाकलो. दोन्ही पिना जागेवर होत्या. काटे तसेच, ग्रीससुद्धा पुसलेलं नव्हतं. सर्जेरावांनी हात आत घालून एका पिनेवर अंगठा ठेवला. पांढऱ्या बाहीला काळं लागलं. कितीतरी वेळ अंगठा तिथंच होता.

माझ्यानं गप्प राहवलं नाही. पोरगा ऐकेल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "आबा, पिना जागेवर आहेत. काढलेल्याच नाहीत."

"आत्ता, गाडी थांबल्यावर, तुमी घातल्या," ते म्हणाले.

"मी हात तरी लावला का? तुमच्या अंगठ्याखाली—"

"आत्ता तुमी घातल्या, मिस्त्री." त्यांनी माझं मनगट धरलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते डोळे मला धमकी देत नव्हते, भीक मागत होते. बाहेर पोरगा काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. त्यानं आमचं सगळं ऐकलं होतं. तो बोलला नाही.

सर्जेराव बंपरला धरून उठले. सदरा झटकला. मग सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी पोराच्या तोंडाकडं पाहिलं.

"बघितलंस?" ते त्याला म्हणाले. "दांडा सोडून बी गाडी गेली न्हाई. गाडीत काई दोष न्हवता."

धैर्यशीलनं किल्ली त्यांच्या हातात दिली.

"न्हवता, आबा," तो म्हणाला, आणि निपाणीची एस.टी. मिळते त्या फाट्याकडं चालू लागला.